सोयाबीनचे भाव वाढणार असं यूट्यूबवर सांगतात, त्यावर भरोसा ठेवून माल घरात ठेवावा का?

प्रश्नाच्या खाली तुम्ही अजून एक ओळ लिहिलीय, "आता मोबाईलवर सगळे भाव कळतात, त्यामुळं आडत्यांची लूट थांबली असेल ना?" खरं सांगू का, त्या ओळीमुळंच लिहायला बसलोय. मी लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीत, एका आडत दुकानावर (शेतकऱ्याचा माल टक्क्यावर विकून देणारं दुकान) मुनीम आहे. उत्तर एकतर्फी वाटलं तर वाटू द्या.

आधी मोबाईलवर येणारा भाव कुठला असतो ते बघा. बाजार समिती रोज तीन आकडे देते, किमान, कमाल आणि सर्वसाधारण. पणन मंडळाच्या साइटवर पण तिन्ही असतात, कुणीही उघडून बघावं. व्हॉट्सअप ग्रुपवर फिरतो तो फक्त कमाल. तो लागलेला असतो एखाद्या दहा-वीस कट्ट्याच्या बियाण्यासारख्या मालाला, खडखडीत वाळलेला, डाग नाही, काडी नाही. बाकीचा सगळा बाजार त्याच्या खाली निघतो. नव्या सोयाबीनच्या मुहूर्ताचं तर विचारूच नका, पहिल्या गाडीला हार घालून नारळ फोडून जो भाव पुकारतात तो मानाचा भाव असतो, पण फोटो त्याचाच निघतो आणि संध्याकाळपर्यंत औसा-निलंग्यापासून अहमदपूरपर्यंत जातो. दुसऱ्या दिवशी माणूस रास (मळणी) झाल्या झाल्या ओला माल घेऊन येतो, मॉइश्चर लावलं की मशीन पंधरा-सोळा टक्के ओलावा दाखवतं, मग भाव ऐकून म्हणतो मोबाईलवर तर एवढा होता. झालं, मी चोर.

हे बाहेरचे लोक करतात असंही नाही, आमच्या लाइनीतलेच करतात. मी दुपारी सौदा झाला की ब्रॉडकास्टवर सर्वसाधारण भाव टाकतो, शेटजींनी तशीच सवय लावलीय. (ब्रॉडकास्टचं एक लक्षात ठेवा, ज्यानं आमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो, आणि एका लिस्टमध्ये 256 च माणसं बसतात, त्यामुळं आमच्याकडं जुनं गिऱ्हाईक सोडून फारसं कुणी नाही.) पलीकडच्या एका दुकानवाल्यानं ग्रुप काढून रोज कमाल भाव टाकायला सुरुवात केली, वर गणपतीचा फोटो, खाली "शेतकरी हाच राजा". आमची गिऱ्हाईकं तिकडं गेली. तिथं त्यांना पट्टी (विक्रीच्या हिशोबाची पावती) मिळाली ती सर्वसाधारण भावाचीच, कारण खरीदार तेच, ढीग तोच, सौदा तोच. पण माणूस एकदा गाडी खाली केल्यावर परत भरत नसतो. मोंढ्यातली मार्केटिंग म्हणतात ती हीच, भाव जास्त द्यायचा नाही, जास्त दाखवायचा.

आता यूट्यूब. इथं मला आमच्या दाजींचं सांगावं लागेल, त्याशिवाय कळणार नाही.

दाजी रेणापूर तालुक्यातले, मांजरा काठाला रान आहे. 2020 च्या दिवाळीला सोयाबीन क्विंटलला चार हजाराच्या आसपास होतं तेव्हा त्यांनी बराच माल घरात ठेवला, ते बरोबरच केलं, माझं त्याला काही म्हणणं नाही. पुढं भाव चढत गेला आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये लातूरला दहा हजाराच्या वर गेला. दहा हजार! माझ्या नोकरीत मी तसा भाव लिहिला नव्हता, पट्टी करताना शून्य जास्त पडलं का म्हणून परत बघायचो. मी दाजींना फोन केला, म्हणलं निम्मा तरी माल आणा. तर ते म्हणाले, "तू कुणाकडनं बोलायलास, माझ्याकडनं का शेटजीकडनं?" म्हणलं दाजी, तुमच्याकडनं. तर म्हणाले, "व्हिडिओत तर सांगायलाय बारा हजार होणार म्हणून, तुला आत्ताच कशाला पाहिजे माल?" अक्का मागून म्हणायलती इकून टाका एकदाचं, तिचं कोण ऐकतंय.

तो व्हिडिओवाला मला माहीत आहे. नाव घेत नाही, आपल्याच भागातला आहे, पोरगा हुशार आहे, बोलतो चांगला. पण त्याच्या रानात सोयाबीन नाही, ऊस आहे. ज्या लातूरला 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं याचा ऊस, आणि सोयाबीनवाल्याला सांगणार थांबा म्हणून. भाव पडला तर त्याचं काय जातं? यूट्यूबचे पैसे सुरू व्हायला 1,000 सबस्क्राइबर आणि वर्षात 4,000 तासांचं बघणं लागतं, ते त्याचं कधीच झालं, आता त्याला फक्त लोकांनी बघत राहायला पाहिजे. ज्याच्या घरात माल आहे तो "भाव पडणार" असा व्हिडिओ उघडतच नाही ओ. "थांबा! विकू नका" म्हणून लाल बाण वर केलेला फोटो टाकला की दाजींसारखी माणसं सकाळी चहाच्या आधी बघतात, रात्री जेवल्यावर परत बघतात, आणि एकदा बघितलं की यूट्यूब तसलेच अजून दहा पुढं करतं, मग माणसाला वाटतं सगळं जग बारा हजार म्हणायलंय. व्हिडिओच्या शेवटी एखाद्या टॉनिकची बाटली असतेच. सोयाबीनला फुलं जास्त लागतात म्हणे. ती जाहिरात आहे हे दाजींना मी सांगितलं तर म्हणाले, फुकट माहिती देतो मग बिचाऱ्यानं खायचं काय?

पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. कोंबडीवाल्यांना सोयाबीनची पेंड (तेल काढून उरतं ते, कोंबडीखाद्यात जातं) परवडेना, ते सरकारकडं गेले आणि ऑगस्टच्या शेवटाला केंद्रानं 12 लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या) सोयापेंड आयातीला परवानगी दिली. तेल काढणाऱ्या प्लांटवाल्यांना आणि मोठ्या व्यापाऱ्यांना याची कुणकुण आधीपासून असणार, त्यांचा माणूस दिल्लीत बसलेला असतो. आपल्या ग्रुपवर बातमी आली तवर खरीदार हात आखडून बसले होते. तरी व्हिडिओ चालूच, "आयातीचा परिणाम होणार नाही". सप्टेंबरच्या शेवटी गुलाब वादळाचा पाऊस झाला, मांजरेचे दरवाजे उघडले, काठच्या रानातलं उभं पीक पाण्यात गेलं, दाजींचं पण काही गेलं. आणि दसऱ्याच्या टायमाला त्यांनी जुना माल आणला तो पाच हजाराच्या थोडा वर. पट्टी मीच लिहिली. चहा पण घेतला नाही त्यांनी.

इथवर असतं तर बरं होतं. पण त्या वर्षीचं नवं सोयाबीन, जेवढं वाचलं तेवढं, दाजींनी रागारागात घरात ठेवलं. सगळ्याच शेतकऱ्यांनी ठेवलं, मोंढ्यात आवकच होईना, आणि भाव परत चढत चढत 2022 च्या उन्हाळ्यात सात हजाराच्या वर गेला. म्हणजे ग्रुपवरच्या "विकू नका" नं त्या साली खरंच काम केलं, हे मी नाकारत नाही, एरवी शेतकरी एवढे एका सुरात कधी थांबले असते? दाजींना तेव्हापासून जे बळ आलंय ते आजतागायत उतरलं नाही. 2022 चा माल ठेवला, दिवाळीला साडेपाच हजाराच्या आसपास होता तो पुढच्या उन्हाळ्यात पाचावर आला. 2023 चा ठेवला, तो अजून खाली. 2024 ला हमीभाव 4,892 आणि बाजार चारच्या थोडा वर. दर वर्षी व्हिडिओ तोच, बाण तोच, आकडा तेवढा कमी होत आलाय, बाराचे आठ झाले, आठाचे सहा.

2024 च्या सप्टेंबरचं तर मला चांगलं आठवतंय. केंद्रानं खाद्यतेलाचं आयातशुल्क वाढवलं, कच्च्या तेलावर साडेपाचाचं साडेसत्तावीस टक्के. त्या रात्री सोयऱ्यांच्या ग्रुपवर एकच मेसेज पंधरा जणांनी टाकला, आता सहा हजार पक्के. अरे बाबा, सोयाबीनच्या दाण्यात तेल 18 टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक पेंड. पेंड जगभर स्वस्त झालेली, शिवाय इथेनॉलच्या कारखान्यातून निघणारा डीडीजीएस (धान्याचा वाळवलेला चोथा) कोंबडीखाद्यात तिच्यापेक्षा कमी भावात मिळायला लागला. नुसत्या तेलाच्या शुल्कानं दाणा कसा वर जाईल? हे मी ग्रुपवर लिहिलं. दाजींनी अंगठा सुद्धा दिला नाही, मेव्हण्यांच्या धाकट्यानं हसायचा फोटो टाकला.

फॉरवर्डला लगाम नाही असं नाही. 2018 ला पोरं पळवणारे आलेत या अफवेवर धुळ्याच्या राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांना लोकांनी मारून टाकलं, आपल्याकडं वैजापूरच्या बाजूला पण त्याच्या आधी चोर आल्याच्या अफवेवर तसंच झालं होतं, त्यानंतर व्हॉट्सअपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं केलं, आणि 2020 पासून लई फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. पण आमच्या लोकांनी त्यावर स्क्रीनशॉट काढला. स्क्रीनशॉट म्हणजे नवा फोटो, त्यावर फॉरवर्डचे दोन बाण पण येत नाहीत. 2022 च्या ऑक्टोबरातला भाव 2023 ला फिरताना मी डोळ्यानं बघितलाय, तारीख कापलेली.

अजून एक गोष्ट यूट्यूबवाले सांगत नाहीत. आधी सोयाबीनचा वायदा चालायचा, पुढच्या महिन्यांचा भाव काय धरलाय ते स्क्रीनवर दिसायचं, त्याच्यावर पैसा लावलेला असायचा. शेअर आणि वायदे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं 20 डिसेंबर 2021 ला तो बंद केला, पुढं मुदत वाढवतच गेले. वायदा बंद झाला तर भाव पाडणारे सट्टेवाले जातील म्हणून लोक खूश होते. त्यानंतर पुढचा भाव काय हे विचारायला जागाच उरली नाही, मग ती जागा या चॅनलवाल्यांनी घेतली. हे माझं मत आहे, कुणाचं वेगळं असू शकतं.

तर तुमचा प्रश्न. ठेवावं का? एका वाक्यात सांगता येत नाही, तुमच्यावर देणं किती आहे, जागा कोरडी आहे का, हे तुम्ही लिहिलंच नाही. बँकेचं, सोसायटीचं निभवायचं असेल तर तेवढा माल रास झाली की काढा. उरलेला ठेवायचाच असेल तर तो चैनीचा माल समजून ठेवा, गेला तरी पोरीची फी थांबली नाही पाहिजे. हमीभावाची खरेदी निघाली तर नोंदणी पहिल्या आठवड्यात करा, तिथं 12 टक्क्यांच्या वर ओलावा घेत नाहीत, 2024 ला निवडणुकीच्या तोंडावर 15 केला होता, दर वर्षी निवडणूक नसते.

आडत्यांबद्दल तुम्ही म्हणालात ते. आडत टक्क्यावर असते, भाव दहा हजार निघाला तर दुकानाला पाच हजारापेक्षा दुप्पट मिळते, मग तुमचा माल स्वस्तात जावा असं आम्हाला कशाला वाटेल? घेणारा खरीदार वेगळा, विकून देणारा आडत्या वेगळा, हे दाजींना मी किती वेळा सांगितलं असेल. आता हेही खरं की काही दुकानं दोन्ही धंदे करतात, घरातल्याच माणसाच्या नावानं खरेदी टाकतात, तिथं लूट होते, कटती (वजनातली कपात) जास्त लावणारे पण आहेत. आणि मोबाईलनं फायदा झालाच नाही असं मी म्हणत नाही, पूर्वी माणूस एका दुकानाला बांधलेला असायचा, उचल घेतलेली असायची, आता गाडी भरायच्या आधी लातूर, उदगीर आणि प्लांटचा गेटभाव तिन्ही विचारून निघतो. ते आम्हाला त्रासाचं आहे पण योग्य आहे.

थांबायचंच असेल तर शेतमाल तारण बघा. पणन मंडळाची जुनी योजना आहे, माल समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत पैसे सहा टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी मिळतात, भाव आला की सोडवून विकायचा. सगळ्या समित्या मनापासून राबवत नाहीत, आधी जाऊन विचारा. दाजींना मी हे सांगितलं होतं. ते म्हणाले त्या चॅनलवर कधी ऐकलं नाही. कसं ऐकायला मिळेल, तारणाच्या योजनेची बाटली नसते.

आणि खाली कमेंटमध्ये "आज लातूरला काय निघालं" असं विचारू नका, दुपारी सौदा झाल्याशिवाय मलाच माहीत नसतं.