आधी एक तळं धर

प्रिय तरुण सहकाऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

उत्तरेकडच्या सरोवरांवर काम करायचं ठरवलंस, छान. पोषकद्रव्यं, मासे की हवामानबदल, यातलं काय निवडू, असं तू विचारलं आहेस. विषय नंतर ठरव. आधी एक तळं धर, आणि तेही बाराही महिने.

उन्हाळ्यात होडी घेऊन नमुने काढायला सगळेच येतात. बर्फ धरला की बहुतेक जण घरी, म्हणून आपली बरीचशी माहिती उन्हाळ्याचीच. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. त्यामुळे वर बर्फ असला तरी तळाचं पाणी त्यामानाने उबदार राहतं आणि तिथलं जगणं थांबत नाही. बर्फावर हिम साचलं की प्रकाश अडतो, प्रकाशसंश्लेषण मंदावतं, पण गाळातले जिवाणू प्राणवायू वापरतच राहतात. उथळ तळ्यात तो संपला तर मासे हिवाळ्यातच मरतात. आपल्याला ते कळतं वसंतात, उशिरा.

सायबेरियातल्या बैकल सरोवरावर मिखाईल कोझोव्ह यांनी १९४५मध्ये नियमित मोजणी सुरू केली. पुढे मुलगी ओल्गा आणि नात ल्युबोव्ह यांनी ती चालवली. थंडीतही खंड नाही. म्हणूनच १९४६पासूनच्या साठेक वर्षांत तिथलं वरचं पाणी सुमारे १.२ अंशांनी तापल्याचं दाखवता आलं. पहिल्या पाच वर्षांच्या आकड्यांवर कोणी टाळ्या वाजवल्या असतील असं मला वाटत नाही!

कॅनडात ऑन्टारिओच्या वायव्य भागात प्रयोगासाठी राखलेली तळी आहेत. तिथे डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी २२६ क्रमांकाच्या तळ्यात पडदा लावून दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन, फॉस्फरस फक्त एकीकडे. तोच भाग शैवालाने हिरवागार झाला. पण मला अधिक शिकवलं ते २२३ क्रमांकाच्या तळ्याने. १९७६पासून त्यात हळूहळू सल्फ्युरिक आम्ल सोडलं. मोठे ट्राउट मासे थेट आम्लाने मेले नाहीत. त्यांचं खाद्य असलेले छोटे मासे आणि कोळंबीसारखे जीव आधी नाहीसे झाले, म्हणून ट्राउट रोडावले. आधीच्या नोंदी नसत्या तर हा क्रम कुणाच्या लक्षात आला असता?

पैशाचं म्हणशील तर या कामाला तो नेहमीच तोकडा. याच तळ्यांचा निधी थांबवायचं कॅनडाच्या केंद्र सरकारने २०१२मध्ये ठरवलं होतं. २०१४मध्ये दुसऱ्या संस्थेने ती सांभाळली म्हणून काम टिकलं. अर्ज लिहायला शिक, आणि गाडी-मोटर दुरुस्त करायलाही. दुसरं जास्त उपयोगी पडेल.

बर्फावर एकट्याने जायचं नाही. पांढरा बर्फ तेवढ्याच जाडीच्या स्वच्छ बर्फापेक्षा कमजोर असतो, हे ध्यानात ठेव. तिथले मासेमार जिथे पाय टाकत नाहीत, तिथे तूही टाकू नकोस.

निवडलेल्या तळ्याचा खोली दाखवणारा नकाशा पाठव. मोजणीची जागा कुठे धरायची ते बोलू.

तुझा,
एक जुना तळेकरी