बॉट (माणसासारखे वागणारे संगणक प्रोग्राम) जाहिरातींवर क्लिक करून कुणाला काय मिळतं?

पैसे. जाहिरात किती वेळा दिसली किंवा तिच्यावर किती क्लिक झाले, यावर वेबसाइटला मोबदला मिळतो. पाहणारा माणूसच असावा लागतो असं नाही, तसा भासला तरी पुरतं! ‘मेथबॉट’ या जाहिरात-घोटाळ्यात तर प्रेक्षकही खोटे आणि वेबसाइटही खोट्या. भाड्याच्या १,९०० हून अधिक सर्व्हरवरचे बॉट माउस हलवत, पान स्क्रोल करत, व्हिडिओ मध्येच थांबवत, फेसबुकवर लॉग-इन असल्याचंही भासवत. नामांकित प्रकाशनांच्या नावाने बनावट पानं उघडून घोटाळेबाजांनी जाहिरातदारांचे सुमारे ७० लाख डॉलर लाटले. सूत्रधाराला २०२१ मध्ये अमेरिकेत १० वर्षांची कैद झाली. म्हणून जाहिरात देत असाल तर नुसते क्लिक मोजू नका. क्लिकनंतर खरेदी किंवा चौकशी किती झाली, ते बघा. अर्थात फॉर्मही बॉट भरतात.