भर समुद्रातून व्हिडिओ कॉल लागतो कसा?

प्रश्न : सर, माझा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे. आधी बोट बंदराला लागली की मगच फोन यायचा, आता भर समुद्रातून व्हिडिओ कॉल करतो. हे नेट येतं कुठून? आमच्या वाडीत तर साधी रेंज नाही, तिथे मिळेल का? – एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, मला माझे बोटीवरचे दिवस आठवले. तेव्हा कार्ड विकत घ्यायचं, नाण्याने खरवडून पिन काढायचा आणि सॅटेलाइट फोनपाशी नंबर लावायचा. ते सॅटेलाइट ३५,७८६ किलोमीटरवर, म्हणजे प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद नुसता वाटेतच जायचा, मग आई आणि मी एकदमच बोलायला लागायचो आणि त्यातच मिनिटं संपायची.

तुमच्या मुलाच्या बोटीवर बहुतेक स्टारलिंकसारखी डिश असणार. स्टारलिंक म्हणजे इलॉन मस्कच्या स्पेसएक्स कंपनीची सॅटेलाइटवरून नेट देणारी सेवा. तिचे सॅटेलाइट साधारण ५५० किलोमीटरवरच फिरतात म्हणून बोलणं अडखळत नाही, पण खाली आणले की एकेकाला पृथ्वीचा थोडाच भाग दिसतो, मग हजारो लागतात आणि खरा खर्च तिथेच आहे. इरिडियम या अमेरिकी कंपनीने १९९८ ला अशाच खालून फिरणाऱ्या ६६ सॅटेलाइटवर फोन सुरू केला, सुमारे ५ अब्ज डॉलर घातले आणि वर्षाच्या आत दिवाळं, कारण हँडसेट महाग, मिनिट महाग आणि तोवर शहरात मोबाइलचे टॉवर आले होते. स्टारलिंकने मे २०१९ मध्ये पहिले ६० एकदम सोडले ते स्वतःच्याच रॉकेटने, ज्याचा खालचा भाग परत उतरवून पुन्हा वापरतात, त्यामुळे गणित जमलं. आणि जिथे टॉवर पोचूच शकत नाही ती गिऱ्हाइकं, जहाजं आणि विमानं, चांगले पैसे मोजतात. जुन्या कंपन्याही मग एकत्र यायला लागल्या, जहाजांना सॅटेलाइट फोन देणारी १९७९ पासूनची इन्मारसॅट २०२३ ला अमेरिकेच्या वायासॅट कंपनीने घेतली. खलाशांना घरच्यांशी बोलायला नेट मिळावं ही तरतूद आंतरराष्ट्रीय करारात डिसेंबर २०२४ पासून लागू झालीय, हे मला धंद्याच्या आकड्यांपेक्षा मोठं वाटतं.

आता तुमची वाडी. स्टारलिंकला भारतात जून २०२५ मध्ये लायसन्स मिळालं, नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारनेही तिच्याबरोबर इरादापत्रावर (लेटर ऑफ इंटेंट) सही केली, पण त्यात नावं गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिवची आहेत, सिंधुदुर्गाचं नाही. शिवाय डिशला मोकळं आकाश लागतं. परसात आंबा-फणस दाट असतील तर ती छपरावरच बसवावी लागेल, तेव्हा आधी कुणाला तरी वर चढवून आकाश मोकळं दिसतं का ते बघून घ्या.