तीळ कापल्यापासून पोत्यात जाईपर्यंत

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

उन्हाळी तीळ काढणीला आलाय, पण शेंड्याची बोंडं अजून हिरवी आहेत, थांबू का, असं तू विचारलंस. थांबू नकोस. तीळ बुडाकडून शेंड्याकडे पिकत जातो. शेंड्याच्या दोन-चार बोंडांची वाट पाहत बसलास, तर तोवर बुडाची बोंडं तोंड उघडून मोकळी होतात, आणि सगळ्यात भरलेला दाणा त्यांच्यातच असतो. पानं पिवळी पडून गळायला लागली, बाराआणे बोंडं पिवळसर झाली आणि खालचं एखादं टोकाला तडकलेलं दिसलं, की विळा लाव.

कापणी पहाटेच्या गारव्यात कर. ऊन चढलं की बोंड कडक होतं आणि हाताच्या धक्क्यानंही दाणे सांडतात. झाडं उपटू नकोस. मुळांची माती पेंढीत येते, आणि तिळाएवढा खडा कुठल्याच चाळणीत वेगळा होत नाही.

खरं नुकसान होतं ते इथून पुढच्या आठवड्यात. तिळाचं बोंड टोकाकडून उघडतं. म्हणजे झाड उभं असेल तर दाणा आतच राहतो, आडवं पडलं की सांडतो. म्हणून कापलेलं झाड जमिनीवर पसरू नकोस, ढीग तर मुळीच घालू नकोस. ढिगात ऊब धरते, बुरशी येते, पांढरा तीळ काळपट पडतो आणि भाव तिथेच जातो. दोन्ही हातांच्या पंज्यांत मावतील एवढ्या लहान पेंढ्या बांध आणि आठ-दहा पेंढ्या एकमेकींना टेकवून ताडपत्रीवर शेंडे वर करून उभ्या कर. पेंढी जाड झाली तर मधली झाडं ओलीच राहतात. पेंढ्या शेतातून आणतानाही गाडीत ताडपत्री हवी. वळवाचा पाऊस आला तर वरून झाक, पण उघडीप होताच झाकण काढ. झाकलेल्या ओल्या पेंढ्या पावसापेक्षा लवकर सडतात.

शेतात किती सांडलं ते मोजता येतं. हजार तिळांचं वजन साधारण तीन ग्रॅम असतं. कापणीनंतर एक चौरस फूट जागा आखून दाणे मोज. शंभर निघाले तर एकरी 13 किलो मातीत गेले. तीन क्विंटल उताऱ्यात हे चार टक्क्यांहून जास्त होतं. चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी काढ.

पाच-सहा दिवसांनी पेंढी उलटी धरून काठीनं हलकेच झटक. चार दिवसांनी पुन्हा, गरज पडली तर तिसऱ्यांदा. पहिल्या झटक्यात पडतो तो सगळ्यात पक्व तीळ, तोच वेगळा ठेवून बियाण्याला वापर. वेगानं फिरणाऱ्या मळणी यंत्रात घालू नकोस. साल खरवडलेला दाणा लवकर खवट होतो आणि नीट उगवत नाही.

उफणल्यावर स्वच्छ ताडपत्रीवर पातळ थर देऊन वाळव. शेणानं सारवलेलं खळं नको. शेणातून साल्मोनेलासारखे जंतू दाण्याला लागतात, आणि ते मारायला वापरलेल्या इथिलीन ऑक्साइड या विषारी वायूचा अंश दाण्यात सापडल्यामुळेच 2020 साली युरोपनं भारतीय तीळ अडवला होता. ओलावा 8 टक्क्यांच्या आत आण, पावसाळाभर ठेवायचा असेल तर 6 पर्यंत. ज्वारीच्या हिशेबानं 8 टक्के कोरडे वाटतील, पण तिळात जवळजवळ निम्मं तेल असतं आणि तेलात पाणी राहत नाही. सगळा ओलावा उरलेल्या अर्ध्या भागात साठतो, म्हणून तिळाचे 8 टक्के हे धान्याच्या 16 टक्क्यांसारखे वागतात.

उन्हातला गरम तीळ तसाच भरू नकोस, रात्रभर निवू दे. विरळ विणीच्या बारदानातून तीळ झिरपतो, म्हणून आत अस्तर लाव. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेव. पंधरवड्यातून एकदा पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघ. आत ऊब लागली, तर त्याच दिवशी तीळ पुन्हा उन्हात काढ.

कळावे.