दादाभाई नौरोजी निवडून आले ती फिन्सबरी बरो बंद का झाली? नोंदी कुठे मिळतील?

प्रश्नातच चूक आहे, आणि ती चूक आपल्याकडे इतकी पसरलीय की आधी ती काढतो. दादाभाई 1892 मध्ये निवडून आले ते 'सेंट्रल फिन्सबरी' या संसदीय मतदारसंघातून. फिन्सबरी मेट्रोपॉलिटन बरो, म्हणजे लंडनच्या त्या भागाची नगरपालिका, स्थापन झाली 1900 मध्ये. तोवर त्यांची खासदारकी जाऊन पाच वर्षं झाली होती. त्यांच्या काळात तिथला स्थानिक कारभार क्लार्कनवेलची व्हेस्ट्री (पॅरिशची, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून ठरलेल्या विभागाची, स्थानिक समिती) बघायची. तिने रोझबेरी अव्हेन्यूवर बांधलेला टाऊन हॉल पुढे बरोकडे आला. दादाभाईंची पाटी त्याच इमारतीवर आहे, घोळ तिथून सुरू होतो. नाव सारखं असलं तरी फिन्सबरी पार्क या बरोत कधीच नव्हतं.

बरोशी भारतीयांचं खरं नातं डॉ. चुनीलाल कटियाल यांच्यामुळे आहे आणि त्यांचं नाव कुणी घेत नाही, याचा मला राग येतो. 1938 मध्ये ते फिन्सबरीचे महापौर झाले; ब्रिटनमधले पहिले दक्षिण आशियाई महापौर. त्याआधी सार्वजनिक आरोग्य समितीचे अध्यक्ष असताना त्यांनी पाइन स्ट्रीटवरच्या आरोग्यकेंद्रासाठी वास्तुरचनाकार लुबेटकिन यांच्या टेक्टन या गटाला गाठलं. क्षयाचा दवाखाना, दात, पाय, बायकांची तपासणी, कपडे-अंथरुणांचं निर्जंतुकीकरण, अगदी शवागारसुद्धा एका छताखाली आलं. आतल्या भिंती हलवता येतील आणि नळ-वायरींपर्यंत सहज पोचता येईल अशी रचना, कारण वैद्यकीय गरजा बदलणार हे गृहीतच होतं. राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू व्हायच्या दहा वर्षं आधीची ही गोष्ट! मतपेटीतल्या विजयाइतकंच हे कामही आपल्या पुस्तकांत यायला हवं.

बरो बंद का झाली? ती एक चौरस मैलाहूनही लहान होती. 1901 मध्ये लाखाच्या घरात असलेली वस्ती 1961 पर्यंत साधारण तेहेतीस हजारांवर आली. 1963 च्या लंडन गव्हर्नमेंट ॲक्टने 1 एप्रिल 1965 पासून ती इस्लिंग्टनमध्ये विलीन झाली.

नोंदींसाठी सेंट जॉन स्ट्रीटवरच्या फिन्सबरी ग्रंथालयातलं इस्लिंग्टनचं स्थानिक इतिहास केंद्र गाठा. जाण्याआधी पॅरिश ठरवा: 1900 पूर्वीचं क्लार्कनवेल वेगळं, सेंट ल्यूक वेगळं, नुसतं 'फिन्सबरी' म्हणून शोधलंत तर 1832 च्या मोठ्या मतदारसंघाचे कागदही त्यात मिसळतील. बरोच्या आरोग्य अधिकाऱ्यांचे वार्षिक अहवाल वेलकम संग्रहाने (लंडनमधलं वैद्यकीय इतिहासाचं ग्रंथालय-संग्रहालय) स्कॅन करून फुकट ठेवलेत, घरबसल्या वाचता येतात. कटियाल यांच्या काळातले आधी काढा.