यूएन मिशन आणि नवऱ्याचं सहमती-पत्र : माझं उत्तर

अगं, पोस्ट वाचून आधी हसू आलं, मग संताप. इंदुरात सब-इन्स्पेक्टर आहेस, यूएन मिशनचं (संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमेचं) परिपत्रक आलं, अर्ज केलास, आणि शाखेतून सांगतात की नवऱ्याचं सहमती-पत्र लावल्याशिवाय फाईल वर जाणार नाही. वर मैत्रीण म्हणते, तिकडे बायकांना फोटोपुरतंच नेतात. (वयाने बरीच मोठी आहे, अगं-तुगंचा राग मानू नकोस. मीही इंदूरचीच, आता निवृत्त. दक्षिण सुदानच्या मिशनमध्ये होते.)

इंग्रजी, ड्रायव्हिंग, फायरिंग याबद्दल काही सांगत नाही, ते तू करशीलच. खरी परीक्षा आपल्याच इमारतीत असते.

माझ्या वेळीही हेच झालं. कार्यालयाचं नाव घेत नाही, त्यातली काही माणसं अजून नोकरीत आहेत. बाबू म्हणाले, "मैडम, पति का सहमति-पत्र लगा दीजिए, औपचारिकता है." ह्यांनी त्याच संध्याकाळी लिहून दिलं. मग साधा कागद चालेना, स्टँपपेपर हवा. स्टँपपेपर झाला तर नोटरी हवी. नोटरी झाली तर मुलं कोण सांभाळणार तेही त्यात लिहून हवं. सासूबाई वैतागून म्हणाल्या, "माझाही अंगठा घेऊन जा, एकदाचं भागेल." त्याच परिपत्रकावर एका सहकाऱ्याचा अर्ज होता. त्याची मुलगी माझ्या मुलांपेक्षा लहान, पण त्याच्याकडे बायकोचं पत्र कुणी मागितलं नाही. त्याची फाईल भोपाळला गेली. माझी शेवटची तारीख उलटेपर्यंत टेबलावर, पाण्याच्या तांब्याखाली. परत मिळाली तेव्हा कव्हरवर ओला गोल डाग होता, त्यात माझ्या नावाची शाई पसरलेली.

साहेबांना विचारलं तर म्हणाले, "आपकी सुरक्षा के लिए ही तो पूछते हैं." यावर माझं डोकं आजही तापतं. यूएनच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० ला १३२५ क्रमांकाचा ठराव केला, त्यात बायकांचं संरक्षण आणि शांततेच्या कामात बायकांचा सहभाग, दोन्ही एकत्र मागितलंय. आपल्याकडे पहिल्याचं नाव सांगून दुसरं कापतात. आणि हे कुठे, तर जिथून २००७ साली लायबेरियाला यूएनची पहिली संपूर्ण महिला पोलीस तुकडी गेली त्या देशात! सीआरपीएफच्या मुली होत्या त्या, आणि सीआरपीएफचा जन्म आपल्या मध्य प्रदेशातल्या नीमचचा. तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचा पहारा त्यांच्याकडे होता. २०१६ पर्यंत एकीमागून एक तुकड्या जात राहिल्या. तेव्हा कुणाकुणाच्या नवऱ्यांची पत्रं जोडली होती, हे त्या साहेबांना विचारायचं राहिलं.

पुढच्या परिपत्रकाला मी पत्र दिलंच नाही. दोन ओळींचा अर्ज दिला : पतीचं सहमती-पत्र कोणत्या नियमानुसार किंवा परिपत्रकातल्या कोणत्या अटीनुसार आवश्यक आहे, ते लेखी कळवावं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. लेखी उत्तर कधीच आलं नाही, फाईल मात्र हलली. माहिती अधिकाराच्या नादी लागू नकोस, उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, तोवर तारीख जाते. आवाज चढवू नकोस, बाबूला चहा पाजायचीही गरज नाही. हा माझा अनुभव. नियम बदलतात, तुझ्या परिपत्रकात खरोखरच अशी अट छापलेली असेल तर माझं बोलणं गैरलागू, आधी ते नीट वाच.

आता फोटोचं. थोडं खरं आहे. बाई आली की जेंडर डेस्कवर, म्हणजे बायकांचे प्रश्न बघणाऱ्या टेबलावर, बसवायची सवय तिकडेही आहे, ते काम मोलाचं असलं तरी आपण होऊन गस्त मागून घे. आमच्याकडच्या विस्थापितांच्या छावणीतल्या बायका सरपणासाठी कुंपणाबाहेर जायच्या, हल्ले तिथेच व्हायचे. गस्त निघायची नाश्ता उरकून. बायका निघायच्या उजाडायच्या आधी, कारण उन्हात मोळी डोक्यावर घेऊन चालवत नाही. हे पुरुष अधिकाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नळावर भांड्यांच्या रांगेत आमच्यापाशी त्या बोलल्या, दुभाषीही बाईच होती. गस्तीची वेळ बदलली. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

मिशनमधल्या वैयक्तिक (तुकडीतून नव्हे, तुझ्यासारख्या एकेकट्या जाणाऱ्या) पोलीस अधिकाऱ्यांत २०२८ पर्यंत ३० टक्के बायका असाव्यात, असं यूएनचंच उद्दिष्ट आहे. अर्जासोबतच्या पत्रात ही ओळ टाक, वरच्यांना आकडे आवडतात. पण मिशनं आटत चालली आहेत, मालीचं २०२३ अखेर बंद झालं. पुढच्या वेळी बघू, असं म्हणू नकोस.

पीतज्वराची लस आधी घे, प्रमाणपत्र लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं आणि केंद्र प्रत्येक शहरात नसतं. दक्षिण सुदानात गाडी उजवीकडून चालवतात, त्याचा हात बसायला वेळ लागतो. तूरडाळ आणि छोटा कुकर सामानात टाकच.

शेवटची तारीख कोणती, ते पोस्टमध्ये नाही. हातात दोन-तीनच दिवस असतील तर मुकाट्याने नवऱ्याचं पत्र जोड आणि तो दोन ओळींचा अर्ज त्याच दिवशी वेगळा दे. जास्त असतील तर आधी तो दोन ओळींचा अर्ज. तारीख कळव, मसुदा मी बघून देते.