पोस्ट उडाली म्हणून गप्प बसू नकोस

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तुझा आवाज चढला होता. डोंगरकापणीचे फोटो टाकून तू खाली लिहिलंस, ‘डोंगराचा खून पडतोय, गाव पेटून उठायला हवा.’ तासाभरात पोस्ट गायब. कारण काय, तर हिंसेला चिथावणी! ‘खून’ आणि ‘पेटून’ हे दोन शब्द मशीनने धरले असणार. पेटून उठणं म्हणजे आग लावणं नव्हे, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. मशीनला सांगावं लागतं.

तू याला पोर्तुगीज सेन्सॉर म्हणालीस, ते मात्र पटलं नाही. त्या काळी गोव्यात सेन्सॉरच्या परवानगीशिवाय लग्नपत्रिकासुद्धा छापता येत नसे आणि 18 जून 1946 ला मडगावात बोलायला उभे राहिलेल्या समाजवादी नेते राममनोहर लोहियांना पोलिसांनी धरून नेलं. ती राजसत्ता होती. सोशल मीडिया हे कंपनीचं खाजगी आवार आहे; आत शिरताना तिचे नियम तू मान्य केलेस. भाषणस्वातंत्र्य देणारं घटनेचं कलम 19 मुख्यतः सरकारला आवरतं. श्रेया सिंघल खटल्यात 24 मार्च 2015 ला सुप्रीम कोर्टात आयटी कायद्याचं 66अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिल्याबद्दल शिक्षा देणारं कलम, रद्द झालं, तेही सरकारने केलेलं कलम होतं. आणि सरपंचाच्या बायकोबद्दल तुझ्या पोस्टखाली जी घाण आली, ती तू स्वतःच काढलीस ना? बरं केलंस. गाळणी हवीच. पण आपली भाषा न कळता ती चालवली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून तक्रार लिही. 2021 च्या आयटी नियमांनुसार कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि 24 तासांत पोच द्यावी लागते. स्क्रीनशॉट, तारीख, वेळ जोड. ‘पेटून उठणे’ म्हणजे काय ते दोन ओळींत समजाव आणि मराठी येणाऱ्या माणसाने वाचून निर्णय द्यावा, अशी मागणी कर. उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं.

मूळ फोटो जपून ठेव. रविवारी ग्रामसभा आहे. प्रश्न लेखी दे, सचिवाकडून पोच घे, फोटोंच्या छापील प्रती आणि सर्व्हे नंबर जोड. गोव्याच्या नगरनियोजन कायद्याच्या कलम 17अ खाली डोंगर कापायची परवानगी घेतली होती का, एवढंच विचार. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचतील तेव्हा कान देऊन ऐक. माझा एक प्रश्न असाच गळला होता. मी उभा राहिलो आणि तो लिहून घेईपर्यंत खाली बसलो नाही.

तक्रारीचा मसुदा घेऊन शनिवारी चहाला ये. ‘खून’ हा शब्द मी काढायला सांगणार नाही.

तुझे सर
म्हार्दोळ